फोन बंद, नेट चालू

पंचवीस वर्षं टेलिफोन ऑफिसच्या काउंटरवर बसल्यावर माणसाकडे दोन गोष्टी साठतात. कंबरदुखी आणि किस्से. कंबरेवर कणकवलीच्या डॉक्टरांचं औषध चालू आहे. किश्शांवर औषध नाही, ते कोणालातरी सांगावेच लागतात. घरी ऐकायला चार भिंती आहेत, पण भिंती हसत नाहीत. म्हणून आज तुम्ही सापडलात!

आमचं ऑफिस समुद्राच्या बाजूला, माडांच्या गर्दीत. माणसं तीन. खिडकीत मी, खांबावर वासू लाइनमन आणि आतल्या खोलीत साहेब. साहेब अकोल्याकडचे. आले तेव्हा त्यांना मालवणी कळत नसे, गेले तेव्हा मालवणीत शिव्या कळत होत्या. देता येत नव्हत्या.

१९९८ साली लोक माझ्या खिडकीशी यायचे ते फोन लागावा म्हणून. दहा वर्षांनी तेच लोक यायला लागले फोन काढावा म्हणून. खिडकी तीच, खुर्ची तीच, मीही तीच.

मधल्या काळात ब्रॉडबँड आलं होतं आणि त्याबरोबर एक प्रश्न आला. रोज कोणीतरी काउंटरवर कोपर टेकून विचारायचंच, "मॅडम, फोन बंद केलो तर नेट स्वस्त पडतला?"

माझं उत्तर पाठ होतं. "हे बघा, आपल्याकडे नेट येतं ते फोनच्याच तारेतून. फोन पूर्ण काढलात तर तार जाणार आणि तारेबरोबर नेटही. नुसतं नेट ठेवायची एक स्कीम आहे, पण त्यात नेटचं भाडं वाढतं. वाचलेच तर महिन्याला दोन नारळांचे पैसे वाचतील."

एवढं ऐकून बहुतेक लोक परत जायचे. जे जायचे नाहीत, त्यांचे किस्से झाले.

*

पण आधी एक जुना. फोन लागण्याच्या दिवसांतला.

आरोंद्याकडे बाबलकाका म्हणून एक गृहस्थ होते. खाडीकाठी घर, थोडी माडांची बाग, संसार एकट्याचा. फोनसाठी नाव नोंदवून सात वर्षं वाट पाहिली. शेवटी वासू सायकलवर वायरचं भेंडोळं टाकून गेला आणि दुपारपर्यंत त्याने फोन लावला. अख्खी वाडी बघायला जमली होती म्हणे.

दोन वाजता माझ्या टेबलावरचा फोन वाजला.

"हॅलो! एक्स्चेंज?"

"बोला."

"मॅडम, माझो फोन लागलो!"

"लागला म्हणूनच तर बोलताय, काका. अभिनंदन!"

मागे लोकांचा गलका ऐकू येत होता. काका आवाज खाली आणून म्हणाले, "आता कोणाक करू?"

"ओळखीत कोणाकडे आहे फोन?"

खूप वेळ विचार करून म्हणाले, "तुमच्याकडे."

पुढे वर्षभर दर सोमवारी सकाळी त्यांचा फोन यायचा. "मॅडम, लाइन बरी आसा मां?" मी म्हणायचे, बरी आहे. ते म्हणायचे, "माझीपण बरी आसा." संपलं संभाषण!

*

आता दाजी. काजूची बाग, डोंगरकुशीला घर. मुलगा पुण्यात कम्प्युटरमध्ये. मे महिन्यात आठ दिवस घरी येतो तेव्हा काम करता यावं म्हणून त्याने ब्रॉडबँड लावून घेतलं होतं. उरलेलं वर्ष तो मॉडेम टॉवेलखाली झोपलेला असायचा. धूळ बसू नये म्हणून दाजींनीच झाकला होता.

एक दिवस दाजी चिठ्ठी घेऊन आले. मुलाने फोनवर सांगितलं होतं, ते दाजींनी मोठ्या अक्षरांत लिहून आणलं होतं. 'फोन बंद, नेट चालू.' खाली दोन रेघा.

मी माझं पाठ केलेलं उत्तर दिलं. तार एकच असते वगैरे. दाजींनी शांतपणे ऐकलं.

"म्हणजे म्हस इकूची आणि दूध घराक ठेवूचा, असा म्हणता तो?"

"साधारण तसंच."

"पुण्यात असा होता?"

"पुण्यात काय होतं ते मला ठाऊक नाही, दाजी."

"माकापण नाय," दाजी म्हणाले. "तूच सांग गो तेका. माझा तो ऐकणा नाय."

मी काउंटरवरचा फोन पुढे सरकवला. दाजींनी नंबर फिरवला. "मी बोलतंय रे, ऑफिसातसून..." एवढंच म्हणाले आणि रिसीव्हर माझ्याकडे दिला. पलीकडून मुलगा म्हणत होता, बाबांना ह्यातलं कळत नाही, मॅडमना द्या. मी त्याला दोन्ही स्कीम समजावून सांगितल्या. हुशार मुलगा, पटकन समजला. "ओके, मग राहू दे आहे तसं. थँक्यू मॅडम."

मी रिसीव्हर दाजींना दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला.

"आयकलंस मां? बरा. आता माका सांग, तू कसो आसस? जेवतस मां येळार? हॅलो? हॅलो?"

मग त्यांनी रिसीव्हर जागेवर ठेवला.

"लाइन कट झाली वाटता."

"हो," मी म्हटलं. "आमच्याकडून कधीकधी होते."

आमच्याकडून झाली नव्हती.

*

शिरोड्याच्या किनाऱ्याजवळ आपांनी घराला दोन खोल्या जोडल्या आणि बाहेर पाटी लावली, होम स्टे. परदेशी पाहुणे नेटशिवाय राहत नाहीत असं कोणीतरी सांगितलं, म्हणून नेटही घेतलं. पहिल्या मोसमात एक उंच, लालबुंद परदेशी बाबा आला आणि आठवडाभर राहिला. दुसऱ्या मोसमात कोणीच नाही.

आपा आले. "फोन काढून टाका. बुकिंग आता ईमेलवर येता म्हणतत. फोनाक मेल्याक रेंट कित्याक देवचा?"

"आणि ईमेलवर किती बुकिंगं आली?"

"बघलंय नाय."

"का?"

"बघूक येणा नाय."

पाहुण्याने जाताना त्यांना ईमेलचा पत्ता काढून दिला होता आणि पासवर्ड कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवला होता. आपा ते कॅलेंडरच गुंडाळून घेऊन आले होते! साहेबांनी आपल्या कम्प्युटरवर उघडून दिलं. आम्ही चौघं वाकून बघत होतो. सगळा जाहिरातींचा कचरा आणि त्यात एक पत्र. त्या उंच बाबाचं, आठ महिन्यांपूर्वीचं.

साहेबांनी वाचून मराठी करून सांगितलं. "तो विचारतोय, तुमच्या कुत्र्याचा पाय बरा झाला का."

आपा स्टुलावर बसले. "परत वाच बगूया."

साहेबांनी परत वाचलं.

"ह्या बघा," आपा म्हणाले, "माझो सख्खो भाव वेंगुर्ल्यात रवता. वर्षभरात माझी चौकशी केल्यान नाय. आणि ह्यो खयचो खय, माझ्या कुत्र्याची करता!"

वासू हसला. मीही हसले. आपांनी मात्र साहेबांना उत्तर लिहायला लावलं. एकच ओळ. 'पाय बरा आहे. तुझी आठवण काढतो.'

"कोण, कुत्रा की तुम्ही?" साहेबांनी विचारलं. इंग्रजीत लिहायचं म्हणजे नीट कळायला हवं ना!

"लिव तू," आपा म्हणाले. "तेका समाजतला."

फोन बंद करायचा विषय त्या दिवशी निघालाच नाही.

*

वासूचं काम तसं वाईट. फोन लावायला गेला की लोक चहा द्यायचे, काढायला गेला की तोंड फिरवायचे.

मच्छीमारवाडीत सुलामावशीचा फोन बंद करायचा अर्ज आला होता. अर्ज मुलाचा. तो बोटीवर, परदेशी. त्याने आईला मोबाइल पाठवला होता. वासू तीनदा गेला आणि तीनही वेळा कागदावर शेरा मारून आला. 'घर बंद.'

साहेब वैतागले. "काहून रे वासू? ती बाई रोज सकाळी बाजारात मासे विकते. मी स्वतः तिच्याकडून बांगडे घेतले. घर बंद कसं?"

वासू टोपी काढून उभा राहिला. "साहेब, घर बंद नाही. मावशी घरीच होती."

"मग?"

"मोबाइलची रेंज फक्त किनाऱ्यावर, बोटी ओढतात तिथे येते. ती म्हणाली, झिलाक येळ गावतलो तेव्हा तो फोन करतलो. तो येळ माका काय म्हायत? दिवसभर थयसर वाळूत बसान रवू काय?"

साहेबांनी अर्ज हातात घेतला, उलटापालटा केला आणि म्हणाले, "ह्यावर अर्जदाराची सही जुळत नाही."

सही अगदी जुळत होती. आम्हाला तिघांनाही दिसत होतं.

*

आमच्या गावात एक निवृत्त गुरुजी होते. मुलगी अमेरिकेत. त्यांच्याकडे ब्रॉडबँड आलं तेव्हा गावात पहिला वेबकॅम त्यांच्या घरी बसला. दर रविवारी सकाळी मुलगी, जावई आणि नात पडद्यावर यायची. शेजारीपाजारी बघायला जायचे. नातीने बोरन्हाणाचं झबलं घातलेलं सगळ्या आळीने पाहिलं.

एका सोमवारी गुरुजी स्वच्छ धोतर नेसून आले. अर्जात एकही खाडाखोड नाही. "आता फोनची गरज उरलेली नाही. समोरासमोर बोलणं होतं. नुसतं नेट ठेवणारी योजना आम्हाला लागू करा. बचत अल्प असली तरी बचतच."

मी अर्ज घेतला.

मंगळवारी दुपारी माई आल्या, गुरुजींच्या पत्नी. ऑफिसात पहिल्यांदाच. आधी उंबऱ्याशी उभ्या राहिल्या, मग खिडकीतून हळूच म्हणाल्या, "ह्यांनी काल कागद दिल्यानी, तो पुढे गेलो काय गो?"

"अजून नाही, माई. का?"

"धाडू नको."

"पण गुरुजी तर म्हणाले, कम्प्युटरवर बोलणं होतं म्हणून."

"होता. पण माका त्यात बोलाक येणा नाय." त्या पदराशी चाळा करत राहिल्या. "मी तिच्या तोंडाकडे बघलंय काय ती म्हणता, आई, खाली काय बघतेस, कॅमेऱ्याकडे बघ. कॅमेऱ्याकडे बघलंय काय माका ती दिसणा नाय."

मला हसू आलं. खरंच होतं ते!

"सवय होईल हो, माई."

"ती होतली." त्या जरा पुढे वाकल्या. आजूबाजूला कोणी नव्हतं, तरी आवाज आणखी खाली आणला. "पण फोनार कसा, माका वायच रडाक येता. तिकापण येता. कम्प्युटरार सगळे बघतत."

मी अर्ज काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी त्याची बारीक घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवली.

गुरुजी पुढे दोनदा विचारायला आले. मी सांगितलं, वरून मंजुरी आलेली नाही. गुरुजींना वाटलं, वर म्हणजे जिल्ह्याला.

*

आता साहेबांचा. तेही बदली होऊन गेले, त्यामुळे सांगायला हरकत नाही.

ग्राहकाने फोन सोडू नये म्हणून काय बोलायचं, हे आम्हाला साहेबांनीच शिकवलं होतं. "मॅडम, लोकांना समजावा. लँडलाइन म्हणजे घराचा पत्ता असतो. मोबाइल माणसाचा, लँडलाइन घराची!" हे वाक्य ते इतकं छान म्हणायचे की मी ते तसंच्या तसं खिडकीतून पुढे द्यायचे.

साहेब क्वार्टरमध्ये एकटे राहायचे. बायको आणि मुलगी अकोल्याला. बायकोशी बोलणं मोबाइलवर, पण महिन्या-दोन महिन्यांतून एकदा दुपारी ते घरच्या लँडलाइनवर फोन लावायचे. मुलगी लहान असताना फोन वाजला की धावत येऊन तीच उचलायची. आता ती दहावीत होती, तरी साहेबांची सवय गेली नव्हती.

त्या दुपारी मी डबा उघडला होता. साहेब आतून बाहेर आले.

"मॅडम, जरा हा नंबर लावून बघता? माझ्याकडून काहीतरी चुकतंय."

मी लावला. पलीकडे रेकॉर्ड केलेली बाई गोड आवाजात म्हणाली, आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही.

"काय म्हणतात?"

मी रिसीव्हर त्यांच्या कानाशी दिला. त्यांनी मराठीत ऐकलं, हिंदीत ऐकलं, इंग्रजीतही ऐकलं. मग आमच्यासमोरच मोबाइलवरून बायकोला फोन लावला. बाईंचा आवाज मोठा होता, आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"अहो, दोन महिने झाले बंद करून! नेट केबलवाल्याकडून घेतलं. स्वस्त पडतं."

"मला सांगायचं तरी."

"त्यात काय सांगायचं? तुम्ही कुठं त्यावर फोन करता!"

साहेब 'बरं' म्हणाले आणि मोबाइल खिशात ठेवला. खिडकीपाशी जाऊन थोडा वेळ माडांकडे बघत राहिले. वासू उगाच पक्कड पुसत बसला.

मग माझ्याकडे वळून साहेबांनी विचारलं, "मॅडम, खरंच स्वस्त पडतं का हो?"



*

लोकांचं सांगितलं, तर माझंही सांगायला हवं.

माझ्या घरी फोन आणला तो आईसाठी. मी ऑफिसला आले की ती दिवसातून तीनदा फोन करायची. भात घालू का, गॅसवाला आला, शेजारची मांजर आत शिरली. मी चिडायचे. "आई, काउंटरवर लोक उभे आहेत!" आई गेली आणि काउंटरवर लोक उभे राहिले काय, न राहिले काय, फोन यायचा बंद झाला.

डोंबिवलीचा भाचा म्हणाला, "मावशी, तू नुसतं नेट ठेव. फोन वापरतेस कुठे?" खरंच वापरत नव्हते. नेटवरही एकटीने पत्ते खेळायचे, एवढंच.

एका संथ दुपारी मी फॉर्म घेतला आणि भरला. अर्जदार मी, अर्ज स्वीकारणारी मी. दोन्हीकडे सह्या केल्या. मध्ये एक रकाना असतो, 'जोडणी बंद करण्याचे कारण'. लोक तिथे लिहितात परवडत नाही, स्थलांतर, गरज नाही. मी लिहिलं, 'वाजत नाही.'

अर्ज साहेबांच्या टेबलावर गेला. ते लगेच बाहेर आले.

"मॅडम, इन्स्ट्रुमेंट बिघडलंय का? आधी सांगायचं नाही का? वासूला पाठवतो."

"इन्स्ट्रुमेंट चांगलं आहे, साहेब."

"मग तार?"

"तारही चांगली आहे."

साहेबांनी फॉर्मकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. फॉर्म घेऊन आत गेले.

त्या दिवशी संध्याकाळी सात वाजता घरी फोन वाजला. मी एवढी दचकले की हातातली पळी पडली!

"मॅडम, मी बोलतोय. टेस्टिंग. आवाज येतो?"

"येतो."

"क्लिअर?"

"क्लिअर."

"ठीक. ठेवतो."

दुसऱ्या दिवशी सात वाजता पुन्हा. तिसऱ्या दिवशीही. ऑफिसात ह्याबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत, मीही नाही. टेस्टिंग मात्र हळूहळू लांबत गेलं. आज काय जेवलात, समुद्राचा आवाज फार आहे का, अकोल्याला पाणी तापवावंच लागत नाही, असं. मी भाताचा कुकर पावणेसातलाच उतरवून ठेवायला लागले. दोनदा-तीनदा तर साडी बदलून बसले. फोनवर दिसतं थोडंच! पण बसले.

दीड वर्षाने साहेबांची बदली झाली. ऑफिसात हार, नारळ, वासूचं रडणं, सगळं झालं. संध्याकाळी सातला फोन वाजला.

"मॅडम, टेस्टिंग पूर्ण झालं. लाइन एकदम ओके आहे."

"थँक्यू, साहेब."

"ठेवतो," म्हणाले. पण बराच वेळ ठेवला नाही. मीही नाही.

*

आणि हा एक, ज्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

अण्णा एसटीत ड्रायव्हर होते, कणकवली डेपोला. निवृत्त होऊन गावी आले, त्याला दोन-तीन वर्षं झाली असतील. घर टेकडीच्या पायथ्याशी, नवराबायको दोघंच. एका भाद्रपदात काकी गेल्या. मी दहाव्या दिवसाला गेले होते. पिंडाला कावळा लवकर शिवला, एवढं आठवतं.

मुलगा बंगळूरहून आला होता. जाण्याआधी त्याने वडिलांसाठी कम्प्युटर घेतला, ब्रॉडबँड घेतलं, कॅमेरा लावला. म्हणजे वडील रोज दिसतील. फोनचं काही काम उरलं नाही, तेव्हा नुसतं नेट ठेवा, असं सांगून त्याने फॉर्म भरून ठेवला. अण्णांनी फक्त सही करून आणून द्यायची होती.

ते महिनाभराने आले. हातात कापडी पिशवी, खाकी रंगाचा जुना शर्ट. सकाळची अकराची वेळ. ऑफिसात मी एकटीच होते.

"मॅडम, ह्या कागदाचा काय ता करा."

मी फॉर्म वाचला. सही झाली होती. मग सवयीने सांगितलं, "अण्णा, ह्यात फार वाचत नाही हं. महिन्याला थोडेसेच."

"वाचले तर तेंचा काय करूचा?" अण्णा म्हणाले. रागाने नव्हे, अगदी साधं विचारल्यासारखं.

मी शिक्का उचलला.

"मॅडम, वायच थांबा."

"काय झालं?"

"एकदा लावन बघू?"

"कुठे?"

"घराक."

घरी कोणी नव्हतं, हे मला माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं. लोक कधीकधी असं करतात, बंद करण्याआधी आपलाच नंबर एकदा लावून बघतात. मी फोन त्यांच्याकडे सरकवला आणि उगाच रजिस्टर चाळायला लागले, म्हणजे त्यांना मोकळं वाटेल.

अण्णांनी नंबर फिरवला, न बघता. रिसीव्हर कानाला लावला. ऑफिस इतकं शांत होतं की पलीकडची रिंग मला ऐकू येत होती. एक. दोन. तीन. मी त्यांच्या घरातला तो फोन डोळ्यांपुढे आणत होते, माजघरात, लाकडी स्टुलावर, खाली विणलेला रुमाल. पाच. सहा.

मग रिंग थांबली.

अण्णा ताठ उभे राहिले. "हां," म्हणाले. "मीच. टेलिफोन हापिसात आसंय."

मी रजिस्टरवरून मान वर केली.

ते ऐकत होते. एकदा मान हलवली. एकदा भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "नाय, नाय, येळ जावचो नाय. बरा. बरा. येताना हाडतंय." आणि रिसीव्हर हळूच, आवाज न करता, जागेवर ठेवला.

मग त्यांनी हात पुढे करून माझ्या शिक्क्याखालचा फॉर्म ओढून घेतला, चार घड्या केल्या आणि शर्टाच्या खिशात ठेवला.

"अण्णा," मी म्हटलं, "घरी कोण आहे?"

"कोण नाय," अण्णा म्हणाले.

"मग फोनवर?"

त्यांनी खाली ठेवलेली पिशवी उचलली आणि झटकून सरळ केली.

"आमटीक घालूची सोलां संपली म्हणता," ते म्हणाले, आणि बाजाराच्या दिशेने चालू लागले.